पट्ट्यामागचं लोखंड

१

सकाळी आठला दुकान उघडायचं, भट्टीत कोळसा टाकायचा आणि बापाची बोलणी खायची, हा जल्लूलचा बावीस वर्षांचा शिरस्ता होता. बाप म्हणजे हाजी तोहामी. अल्जीरियातल्या बूसादाच्या चाकूवाल्यांच्या गल्लीत त्यांच्याइतका जुना हात दुसरा उरला नव्हता, आणि त्यांच्याइतकं वाईट तोंड तर पूर्वीही कुणाचं नव्हतं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी गुडघे गेले होते, नजर अधू झाली होती, पण तोंडाचा पट्टा शाबूत होता. दाराजवळ बकरीच्या कातड्यावर बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्याची हजेरी घेत, आणि कुणी येत नसलं की घरचा माणूस होताच.

गल्लीची एक रीत आहे. तयार पातं उस्तादाच्या हातात द्यायचं. त्याने धारेवरून अंगठा आडवा फिरवायचा, पातं उजेडात धरायचं, आणि पसंत पडलं तर तोंडाने म्हणायचं, 'झाला.' मान हलवून चालत नाही, तोंडानेच म्हणायला लागतं. त्या दिवसापासून कारागीर आपल्या पात्यावर स्वतःची खूण ठोकू शकतो. तोवर चाकू त्याने घडवला तरी नाव दुसऱ्याचं. उस्ताद न बोलताच मेला तर मात्र संपलंच. गल्लीत असे दोन म्हातारे होऊन गेले, जन्मभर मेलेल्या माणसाची खूण ठोकत राहिले. त्यांच्या जनाज्यातही लोक त्यांना अमक्याचा गडी असंच म्हणत होते.

जल्लूल चव्वेचाळीस वर्षांचा होता आणि अजून बापाची चंद्रकोर ठोकत होता. त्याच्या बरोबरीच्या सगळ्यांच्या खुणा झाल्या होत्या. एकाच्या तर मुलाचीही झाली होती. जल्लूलने पंचविशीतच स्वतःसाठी ठसा करवून घेतला होता, खजुराच्या झावळीचा. तो तेलकट फडक्यात गुंडाळून खणात पडून होता.

"धारेचा उतार सारखा नाही," हाजी म्हणत. "एक बाजू डोंगर, एक बाजू ओढा. याने बोकड कापशील तर बोकडच तुला हसेल."

जल्लूल म्हणाला, धार लावायचा दगड डगमगतो. हाताने फिरवायचा दगड, आस झिजलेला, त्यावर दोन्ही बाजू सारख्या कशा निघणार?

"दगड माझ्या बापाच्या वेळेपासून डगमगतोय. माझे चाकू सरळच निघाले. डगमगतं ते दुसरंच काहीतरी."

हे समोरच्या चांभाराने ऐकलं आणि तो खुदकन हसला. जल्लूलने त्याच दिवशी ठरवलं, दगड काढून टाकायचा आणि यंत्र बसवायचं. दोन्ही उतार केसाइतकेही कमीजास्त निघाले नाहीत तर म्हातारा काय बोलणार? शब्द त्याच्या तोंडून काढायचाच. बकरी ईदला दोन महिने होते. या ईदचे चाकू झावळीच्या खुणेने विकायचे, असं त्याने मनाशी बांधून घेतलं.

२

यंत्र म्हणजे तसं काही अवघड नाही. खरखरीत कागदाचा दोन बोटं रुंद पट्टा तीन चाकांवरून गरगर फिरवायचा आणि त्यावर पातं टेकवायचं. एक चाक मोटरवर, एक पुढे, एक वर. वरचं चाक थोडं कलतं ठेवता आलं पाहिजे, नाहीतर पट्टा घसरून भिंतीवर जातो. जल्लूलने भंगारातल्या कपडे धुण्याच्या मशीनची मोटर आणली. चौकट जुन्या पलंगाच्या लोखंडाची, बेअरिंग मोपेडचे, ताण द्यायला मोटरसायकलची स्प्रिंग. चाकं लेथवाल्याकडून कातून घेतली. पट्टे अल्जीयर्सहून मागवले. जोडणीला तीन आठवडे गेले. हाजींनी तेवढ्या काळात त्या यंत्राला गाढवाचा पाळणा, कैद्याची शिडी आणि आणखी काय काय म्हणून घेतलं. जल्लूल दात खाऊन वेल्डिंग करत राहिला.

अडलं ते एकाच जागी. पातं टेकवतो तिथे पट्ट्याच्या पाठीशी सपाट आणि कठीण लोखंड लागतं. पट्टा त्यावरूनच सरकतो. जल्लूलने जे जे लावलं त्यात एका दिवसात खोबणी पडल्या, आणि पाठ खराब झाली की पात्याचा उतारही खराब.

तेव्हा त्याची नजर भिंतीवरच्या खिळ्याकडे गेली. तिथे 'शेवटची पट्टी' लटकत होती.

वीतभर लांब, तीन बोटं रुंद लोखंड. तोहामींच्या घरात चार पिढ्या हा नेम होता, की संध्याकाळी दगड थांबवण्याआधी ही पट्टी त्यावर तीनदा ओढायची. दिवसातलं शेवटचं घासणं माणसाच्या उपयोगाच्या वस्तूचं असू नये, असं हाजींचे आजोबा म्हणत. जल्लूलच्या मते त्यात काही राम नव्हता. दगडाच्या तोंडात बसलेला चुरा निघावा म्हणून कुणीतरी अक्कल लढवली, बाकीच्यांनी तिची पोथी केली, इतकंच. चार पिढ्यांच्या घासण्याने पट्टी आरशासारखी झाली होती. त्याने कानस लावून पाहिली, तर कानस नुसती घसरली. अशी वस्तू खिळ्यावर टांगून ठेवणं हाच मूर्खपणा होता.

शुक्रवारी हाजी मशिदीत गेले तेव्हा त्याने भोकं पाडली. चार गिरमिटं मोडली, पण चार भोकं पडली, आणि पट्टी चार बोल्टांनी पक्की बसली. दगड त्याने मागच्या अंगणात नेऊन टाकला.

हाजी परतले, काठी टेकत यंत्रापाशी आले. वाकून, हाताने चाचपून पाहिलं. जल्लूल शिव्यांची वाट बघत उभा राहिला. त्या आल्या नाहीत.

"आज संध्याकाळी काय घासणार आहेस?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. बटण बंद करणार."

हाजींनी त्याच्याकडे बघितलं आणि आपल्या कातड्यावर जाऊन बसले. बावीस वर्षांत पहिल्यांदाच म्हाताऱ्याचं तोंड बंद झालं होतं. जल्लूलला बरं वाटलं, हे कबूल करायला हवं.

३

पहिला चाकू सुरेख उतरला. अंगठा फिरवून हाजी म्हणाले, उतार सरळ आहे, पण पाठीला पाणी जास्त पाजलंय, ठिसूळ झालीय, थंडीत तुटेल, शिवाय टोक बायकांच्या नाकासारखं वर गेलंय. उतार सरळ आहे, एवढंच जल्लूलने ऐकलं.

दुसऱ्या आठवड्यात घराची किल्ली लागेना. घर दुकानाच्या वरच होतं. जल्लूलची बायको खेरा कुलपाशी झटापट करून खाली आली आणि किल्ली त्याच्या पुढ्यात टाकली. त्याने ती उजेडात धरली. दाते एका अंगाने झिजले होते, आणि झिजल्या जागी बारीक तिरप्या रेघा होत्या, शेजारी शेजारी, सारख्या अंतराच्या. माणूस आपलं अक्षर ओळखतो तशा त्याने त्या ओळखल्या. त्याच्याच पट्ट्याच्या रेघा होत्या.

"तुमच्या खिशात होती का?" खेराने विचारलं.

नव्हती. किल्ली नेहमी तिच्याच कमरेला असे. तरीपण जल्लूल म्हणाला की असेल, घासली गेली असेल, दुसरी करून आणतो. माणसाला कारण हवं असतं, आणि खोटं कारण कुठेही मिळतं.

मग कॉफीच्या भांड्याची चोच झिजली. मग खेराचं ऑलिव्हच्या लाकडाचं उखळ, ज्यात ती मिरची आणि भाकरी कुटून झफीती करायची. त्याचा काठ एका बाजूने गुळगुळीत झाला, दोन बोटं खाली आला. उखळ चुलीपासून कधी हललं नव्हतं. जल्लूल म्हणाला, वाळवी. खेरा म्हणाली, वाळवी रेघा मारते का? त्यावर तो चिडला आणि ताटावरून उठला.

खाली गेल्यावर त्याने पट्टा हुंगला. लोखंडाच्या जळक्या वासात लाकडाचा वास होता. ऑलिव्हच्या लाकडाचा. पण गल्लीच्या टोकाला सुताराकडे रंधा चालतो, वाऱ्याने भुसा येत असेल.

आवाजाला मात्र काही कारण सापडेना. पट्टा मोकळा फिरतो तेव्हा सरसर असा पातळ आवाज येतो. पातं टेकवलं की तोच आवाज जाड होतो, मोटर दबते, जरा कण्हते. दुपारी एकदा तो पातं बदलायला वळला असताना मोटर दबली. आवाज जाड झाला. जल्लूलने दोन्ही हात वर केले आणि बघत उभा राहिला. पट्ट्यापुढे काही नव्हतं. पट्टा कशावर तरी दाबून घासत होता, थोडा थांबत होता, बाजू बदलत होता, पुन्हा घासत होता, जसं एखादा कसबी माणूस घाई न करता काम करतो. ठिणग्या उडत नव्हत्या, म्हणजे लोखंड नव्हतं.

विजेचा दाब कमी झाला असेल, तो मनात म्हणाला. गल्लीतले सगळे भाते ईदच्या दिवसांत विजेवर चालतात. त्याने समोर पाहिलं. चांभाराचा पंखा नेहमीच्या वेगाने फिरत होता.

मोटर मोकळी झाली. त्याच वेळी दाराजवळ हाजींनी ओठांवरून हात फिरवला आणि हाताकडे पाहिलं.

४

तिसऱ्या चाकूला हाजी फक्त म्हणाले, "पाठ जाड." चौथ्याला, "जड." आणि ते 'ड' नीट उमटलं नाही. पाचव्याला त्यांनी बराच वेळ पातं हातात ठेवलं, काहीतरी पुटपुटले, परत दिलं.

जल्लूलला काय वाटलं असेल? वाटलं, म्हाताऱ्याकडचे दोष संपत आले. बावीस वर्षं ज्याने चाकूत खोट आणि कारागिरात खोड काढली, त्याला आता बोलायला जागा सापडत नाही. त्याने रात्रंदिवस तेच मनात घोळवलं आणि यंत्र आणखी जोरात चालवलं. माणूस सुखात असला की बहिरा होतो, आणि जल्लूल त्या दिवसांत फार सुखात होता.

मग हाजी खाली यायचे थांबले. त्यांना आवाजाचा त्रास होतो, खेरा म्हणाली. जल्लूल तिच्या हातीच चाकू वर पाठवू लागला. सहावा, सातवा, आठवा. चाकू तसेच परत येत.

"काय म्हणाले?"

"काही नाही."

"काहीच नाही? दोषसुद्धा नाही?"

"ते बोलत नाहीत," खेरा म्हणाली.

तो हसला. म्हणाला, सापडत नसेल. हट्टी म्हातारा आहे, कबूल करायला जीव जातोय त्याचा. खेराने त्याच्याकडे असं बघितलं, जणू कुणी अनोळखी माणूस घरात शिरलाय. ती फारशी बोलणारी बाई नव्हती. सासऱ्याशी तिचं कधी जमलं नव्हतं, हाजींनी तिलाही कमी सोसायला लावलं नव्हतं. पण त्या आठवड्यात ती दिवसातून पाचसहादा दुधाची वाटी घेऊन वर जात होती आणि जाताना आतून कडी लावत होती.

बुधवारी तिने यंत्राचं बटण स्वतः बंद केलं आणि त्याच्यापुढे उभी राहिली.

"वर चला."

"ईद होऊ दे."

"परवा मी त्यांना बोळ्याने दूध पाजलं, तान्ह्या पोराला पाजतात तसं. आज बोळाही जात नाही. वर चला आणि तुमच्या बापाकडे बघा."

"दात दुखत असतील," जल्लूल म्हणाला.  खेराने हात लांब करून यंत्रातल्या त्या पट्टीकडे बोट दाखवलं. बोटाचं टोक गुळगुळीत होतं. पण घासणाऱ्यांच्या घरात कुणाची बोटं झिजत नाहीत?

"ते काढा," ती म्हणाली. "आज काढा."

५

त्याने पाना घेतला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. ती वर गेल्यावर त्याने पट्टा उतरवला आणि पट्टी पाहिली. महिनाभर पट्टा तिच्यावरून धावला होता आणि तिच्यावर ओरखडा नव्हता. चार बोल्टांवर पाना लावला, तर चारही वेळा फिरून गेला. बोल्टांची डोकी मण्यांसारखी गोल झाली होती. त्यांच्यावरही त्या तिरप्या रेघा होत्या.

कापता आलं असतं. हातात धरायचं विजेचं कटर कोपऱ्यातच होतं, पलंगाचं लोखंड मऊ. चौकटीसकट पट्टी उडवायला दहा मिनिटं पुरली असती. त्याने कटर उचललं, वायर लावली.

बाकावर बारावा चाकू पडला होता. एक बाजू झाली होती, दुसरी राहिली होती. असा उतार त्याच्या हातून आजवर उतरला नव्हता, गल्लीतही कुणाच्या उतरला नव्हता. मुठीपासून टोकापर्यंत एक ओळ, कुठे वर नाही, कुठे खाली नाही. जल्लूलने तो उचलून उजेडात धरला. या एका चाकूवर म्हातारा 'झाला' म्हणणार, हे त्याला पक्कं कळलं. यंत्र मोडलं तर दुसरी बाजू पुन्हा दगडावर, आणि दगडावर हे निघणार नाही. ईद परवावर आली होती.

खेराचं बोलणं त्याला समजलं नव्हतं असं नाही. नीट समजलं होतं. किल्ली, उखळ, बोळा, सगळं त्याने एका ओळीत मांडून पाहिलं, आणि शेवटी जे येत होतं त्याच्याकडे कानाडोळा केला. एवढी एक बाजू, तो म्हणाला. मग लगेच कापतो.

त्याने कटर खाली ठेवलं, पट्टा चढवला आणि बटण दाबलं.

दुसरी बाजू व्हायला पाऊण तास लागला. त्यातला निम्मा वेळ पातं त्याच्या हातात होतं, पट्ट्यापासून दूर. मोटर तरीही दबत होती. आवाज जाड होता, सावकाश होता, कडेकडेने बाजू साफ करत चालला होता. जल्लूल पात्याकडे बघत राहिला. वर छतातून एकदा काठी आपटल्याचा आवाज आला, मग दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा आला नाही.

६

दुपारचे दोन वाजले होते. या वेळी बूसादात कुत्रंही सावली सोडत नाही. गल्लीची सगळी दारं लागलेली, नदीकडून वारा नाही. जल्लूलने चाकू धुतला, पुसला, खणातून ठसा काढून खिशात घातला, आणि जिना चढला.

खेरा जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली होती. वाटी शेजारी होती, भरलेली. तिने अंग चोरून त्याला वाट दिली.

खोलीत झडपा लावलेल्या होत्या. उजेडाची एक अरुंद पट्टी जमिनीवरून गादीपर्यंत गेली होती. हाजी भिंतीकडे तोंड करून पडले होते, एवढ्या उकाड्यात लोकरीचा झगा, बुरनूस, अंगावर, त्याची टोपी पुढे ओढलेली. काठी हातातून सुटून पडली होती. श्वास चालू होता. नाकातून, शिट्टीसारखा, ओढून ओढून.

"बाबा," जल्लूल म्हणाला. "चाकू आणलाय."

त्याने गुडघे टेकले आणि मूठ त्यांच्या तळहातावर ठेवली. बोटं मिटली. इतक्या वर्षांची सवय, अंगठा आपोआप धारेवर गेला आणि आडवा सरकला. जल्लूलने जन्मभर तो आवाज ऐकला होता, कातडीच्या रेघांचा धारेवरचा खसखस आवाज. या वेळी आवाज झाला नाही. काच काचेवरून सरकावी तसा अंगठा टोकापर्यंत गेला. रक्त आलं नाही.

"कसा आहे?" त्याला स्वतःचाच आवाज केविलवाणा वाटला, पण आता थांबणं त्याच्या हातात नव्हतं. "बाबा, एकदा सांगा. वाईट असेल तर वाईट म्हणा. शिवी द्या. पण बोला."

हाजींनी कूस बदलली. वेळ लागला. टोपी मागे सरकली आणि उजेडाची पट्टी तोंडावर आली.

डोळे तेच होते. म्हातारे, लाल, संतापी डोळे. त्यांनी जल्लूलकडे पाहिलं, मग पातं उजेडात धरून एका बाजूने पाहिलं, मग दुसऱ्या बाजूने, अगदी सावकाश, जसं ते नेहमी पाहत. मग पुन्हा जल्लूलकडे. नाकाखालून हनुवटीपर्यंत उजेड कुठेच अडत नव्हता. तिथे फक्त बारीक तिरप्या रेघा होत्या, शेजारी शेजारी, सारख्या अंतराच्या. काम उत्तम झालं होतं. कुठे वर नव्हतं, कुठे खाली नव्हतं.

जल्लूल ओरडला नाही. त्याची नजर गळ्यावर गेली होती. गळा हलत होता. हाजींनी छाती भरून श्वास घेतला, घाटी वर गेली, आणि त्या सपाट जागेवर आतून काहीतरी येऊन टेकलं. कातडी जराशी फुगली आणि बसली. ते बोलत होते. पुन्हा श्वास घेतला, पुन्हा घाटी वर गेली, पुन्हा तेच. एकच शब्द होता, लहानसा, आणि ते तो पुन्हा पुन्हा म्हणत होते.

तो शब्द 'झाला' होता की बावीस वर्षांची जुनी शिवी, हे जल्लूलला कळलं नाही. त्याने कान त्यांच्या तोंडाच्या जागेला लावला. कातडी गरम होती. आत शब्द येऊन थडकत होता आणि परत जात होता. तो संध्याकाळपर्यंत तसाच कान लावून बसला. मग थडकणंही थांबलं, आणि खेराने आत येऊन हाजींच्या हातातून चाकू काढून घेतला.